मूल्य आणि रूढी

दर्शनास येणारी तरुण मंडळी पुष्कळदा विचारतात, पूर्वजांनी दिलेली मूल्ये आजही आदरास पात्र आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मूल्य आणि रूढी यांतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

या दृष्टीने पंढरपूरचे उदाहरण बोधप्रद आहे. वारकरी परस्परांना भेटताच एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, धन वा अधिकार तेथे आड येत नाही. समोरचा प्रत्येक जण ‘माउली’ होय. हे परंपरेनेच दिलेले समतेचे मूल्य. परंतु त्याच पंढरीत महाद्वारी संत चोखामेळा यांची समाधी असूनही त्यांच्या समाजबांधवांना शतकानुशतके त्या समाधीपासूनच परतावे लागे. उपदेश समतेचा आणि दारी मात्र मज्जाव!

ही विसंगती दूर व्हावी म्हणून पूज्य साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरल्यावर त्यांनी ते सोडले. विशेष हे की, विरोध करणाऱ्यांनी परंपरेचा दाखला दिला आणि गुरुजींनीही संतपरंपरेचाच दिला. एका पक्षाने रूढी धरली, दुसऱ्याने मूल्य धरले. मंदिर खुले झाल्याने विठ्ठलाचे माहात्म्य तिळमात्र उणे झाले नाही. आजही आषाढीस लाखो वारकरी पायी चालत येतात.

पुढे जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तेथील बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्कही संपुष्टात आले. व्यवस्था बदलली, भक्ती मात्र अखंड राहिली.

यावरून एक कसोटी हाती येते. जी रीत माणसाला माणसाच्या निकट आणते, ती कितीही जुनी असली तरी शिरोधार्य मानावी. जी रीत माणसाला उंबरठ्याबाहेर उभे करते, ती कितीही प्राचीन असली तरी तिचा त्याग करावा. केवळ जुने म्हणून पूजणे जितके अविचाराचे, तितकेच केवळ जुने म्हणून टाकून देणेही अविचाराचेच. अन्नदान, अतिथिसत्कार, वडीलधाऱ्यांचा मान, गुप्तदान ही मूल्ये आजच्या धावपळीच्या जीवनात अधिकच मोलाची ठरतात.

ही कसोटी देवाच्या दारीच प्रथम लावली पाहिजे. रांगेत वृद्धांना व लेकुरवाळ्या मातांना पुढे जाऊ द्यावे. महाप्रसादाच्या पंगतीत शेजारी कोण बसले आहे, याची विचारपूस करू नये. देणगी लाखाची असो वा रुपयाची, देणाऱ्याने ती नम्रतेने अर्पण करावी आणि घेणाऱ्याने सारख्याच आदराने स्वीकारावी. आचरणात उतरलेले मूल्यच पुढील पिढीस वारसा म्हणून लाभते.

सर्व भाविकांना ही सद्बुद्धी लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.