घरची बाजारपेठ लहान असली तरी

प्रश्न : डेन्मार्कची लोकसंख्या जेमतेम ६० लाख असताना तिथल्या कंपन्या जगभर कशा पोहोचल्या? घरचे गिऱ्हाईक थोडे असलेल्या लघुउद्योगाने निर्यातीचा विचार करावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : विचार जरूर करावा. मोठी देशी बाजारपेठ असल्याखेरीज निर्यात जमत नाही, हा समज डेन्मार्कच्या अनुभवाला धरून नाही. उलट घरची मागणी अपुरी असल्यामुळेच तिथल्या उद्योगांना एकेका विषयात पारंगत होऊन लवकर परदेशी जाणे भाग पडले. पत्नीच्या बहिरेपणामुळे हान्स डेमंट यांनी १९०४ मध्ये श्रवणयंत्रे आयात करण्यास सुरुवात केली आणि त्यातूनच पुढे जगातील एक अग्रगण्य श्रवणयंत्र-कंपनी उभी राहिली. लेगो या तिथल्याच खेळणी-कंपनीची १९५८ मधील वीट आजच्या विटेत घट्ट बसते. परक्या ग्राहकाचा विश्वास अशा सातत्यानेच मिळतो. मात्र हीच कंपनी नाना व्यवसायांत हातपाय पसरल्याने २००३-०४ मध्ये मोठ्या तोट्यात गेली होती.

म्हणून प्रश्नकर्त्यांनी एकच उत्पादन आणि एकच देश निवडून, तिथली मानके पूर्ण करून, स्थानिक वितरकामार्फत सुरुवात करावी. पैसे बुडण्याची धास्ती असल्यास पतपत्र, म्हणजे अटींनुसार कागदपत्रे सादर झाल्यास रक्कम चुकती करण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी, मागून घ्यावे किंवा ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात-पत विमा उतरवावा.