शय्याव्रणांचा प्रतिबंध आणि गृहभेटीच्या परिचारिकेस पाठबळ

दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या यातना मूळ आजारापुरत्या मर्यादित राहत नाहीत. पक्षाघाताचा झटका ओसरतो, मोडलेले हाड जुळून येते. परंतु त्याच काळात माकडहाडावर किंवा टाचेवर पडलेली जखम महिनोन्महिने भरून येत नाही. तिच्यातून जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यास रुग्ण दगावूही शकतो. या जखमेस शय्याव्रण म्हणतात. बहुतेक शय्याव्रणे टाळता येतात आणि ती टाळण्यासाठी मोठ्या रुग्णालयाची किंवा महागड्या औषधांची आवश्यकता नसते. आवश्यकता असते ती नियमित शुश्रूषेची. ही शुश्रूषा घराघरांत कशी पोहोचवावी, हा प्रश्न आरोग्य खात्याइतकाच स्थानिक संस्थांचाही आहे.

खरवईसारख्या वस्तीतील चित्र

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ तालुक्यात, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या परिसरात खरवई वसलेले आहे. मूळच्या या गावाच्या परिसरात आज औद्योगिक वसाहत आहे आणि निवासी इमारतीही उभ्या राहिल्या आहेत. बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती सुमारे पावणेदोन लाखांवर गेली. येथील असंख्य कमावती माणसे पहाटेच्या लोकलने मुंबईकडे निघतात. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस बदलापूरहून सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. माणसे परततात तेव्हा रात्र झालेली असते. कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांच्या झोपेच्या वेळा तर आठवड्यागणिक बदलतात.

अशा घरात सासरे पक्षाघाताने पडून असले, तर दिवसभराची सारी शुश्रूषा एकट्या सुनेवर येऊन पडते. एका बाजूचे अंग लुळे पडलेल्या प्रौढ माणसास एकटीने वळवणे सोपे नाही. शिवाय कोकणपट्टीतील दमट हवेत पाठ घामाने सतत ओली राहते, तर जोराच्या पावसात धुतलेल्या चादरी दोन-दोन दिवस वाळत नाहीत. शय्याव्रणास लागणारी परिस्थिती अशा रीतीने घरातच तयार होते.

व्रण का होतो

हाडाचा उंचवटा आणि गादी यांच्यामध्ये त्वचा व मांस दाबले जाते. त्या ठिकाणच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात, रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांतच तेथील पेशी मरू लागतात. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. लुळ्या किंवा बधिर अंगाच्या माणसास ते साधत नाही. दाबाच्या जोडीस आणखी दोन कारणे येतात. रुग्ण उशाकडून पायथ्याकडे घसरत गेला की त्वचा एका दिशेने व हाड दुसऱ्या दिशेने ओढले जाते. लघवी, शौच व घाम यांच्या ओलीने त्वचा भिजून नाजूक होते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरे, खांद्याची पाती व डोक्याची मागील बाजू ही व्रणाची नेहमीची ठिकाणे होत.

पहिली खूण म्हणजे बोटाने दाबूनही न जाणारा लालपणा. आपल्याकडील सावळ्या व काळ्या वर्णावर हा लालपणा सहसा डोळ्यांस दिसत नाही. म्हणून हाताने तपासावे. एखादी जागा भोवतालच्या त्वचेपेक्षा गरम, कडक, दुखरी किंवा अधिक काळसर लागली, तर ती धोक्याची सूचना समजावी. या टप्प्यावर दाब काढल्यास त्वचा पूर्ववत होते. दुर्लक्ष झाल्यास कातडी फुटते आणि पुढे जखम मांसापर्यंत व अखेरीस हाडापर्यंत पोहोचते.

दोन तासांच्या दंडकाने काय घडले

१९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडविल येथे पाठीचा कणा जखमी झालेल्यांसाठी कक्ष सुरू केला. तोपर्यंत असे बहुसंख्य रुग्ण शय्याव्रण व मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने अल्पावधीत दगावत असत. गुटमन यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णास वळवण्याचा दंडक घातला व तो कसोशीने पाळून घेतला. रुग्ण जगू लागले, चाकाच्या खुर्चीत बसू लागले आणि १९४८ पासून तेथे खेळांच्या स्पर्धाही होऊ लागल्या. पुढे जागतिक स्वरूप पावलेल्या या स्पर्धांत, १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे, १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी जलतरणात सुवर्णपदक मिळवले. पुण्याजवळ खडकी येथे अधोअंग लुळे पडलेल्या जवानांसाठी १९७४ मध्ये पुनर्वसन केंद्र सुरू झाले. कूस वेळेवर पालटण्यासारख्या साध्या कामातून माणसाचे उर्वरित आयुष्य कसे वाचते, हे या इतिहासावरून ध्यानी यावे.

घरी करावयाची शुश्रूषा

१. रुग्णास साधारणतः दर दोन तासांनी डावी कूस, पाठ व उजवी कूस या क्रमाने वळवावे. पूर्ण आडवे न करता पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंश कलते ठेवावे, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. जाड व घट्ट फोमची गादी असेल आणि त्वचा निर्दोष असेल, तर परिचारिकेच्या सल्ल्याने रात्रीचे अंतर तीन-चार तासांपर्यंत वाढवता येते. शुश्रूषा करणाऱ्यासही झोप हवी असते.

२. रुग्णास ओढू नये. कमरेखाली दुहेरी चादर आडवी घालून दोघांनी ती उचलावी व मग सरकवावे. त्वचा घासत नाही आणि उचलणाऱ्याची कंबरही वाचते.

३. पोटरीखाली लांबट उशी द्यावी व टाचा अधांतरी ठेवाव्यात. जेवणाची वेळ सोडल्यास उशाकडील बाजू ३० अंशांहून अधिक उंच ठेवू नये.

४. खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूस झुकून भार हलका करावा.

५. ओले कपडे तत्काळ बदलावेत. कोमट पाण्याने त्वचा स्वच्छ करून टिपून कोरडी करावी व ओल लागणाऱ्या भागास खोबरेल तेल किंवा व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा.

६. आहारात डाळ, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे यांपैकी घरास परवडेल ते रोज असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांस विचारावे.

काही गैरसमजही दूर होणे अगत्याचे आहे. लाल झालेली जागा चोळल्याने आतील पेशींची अधिक हानी होते. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते, तर पावडरचे घामात गोळे होऊन ते टोचतात. मधोमध भोक असलेली हवेची गोल उशी भोवतालचा रक्तपुरवठा अडवते. विजेवर चालणारी हवेची गादी उपयुक्त आहे. तथापि तीमुळे कूस पालटणे चुकत नाही, आणि वीज गेल्यावर ती हळूहळू बसत असल्यास अधिक सावध राहावे लागते. जखमेतून पू किंवा दुर्गंधी येणे, ताप येणे, काळा थर धरणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय न करता रुग्णास उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयात दाखवावे.

परिचारिकेच्या वाट्याचे काम

दर दोन तासांनी म्हणजे दिवसातून १२ वेळा, आठवड्यात ८४ वेळा कूस पालटावी लागते. आठवड्यास एकदा येणाऱ्या परिचारिकेच्या हातून त्यांपैकी फार तर एक घडेल. उरलेल्या ८३ घरच्यांच्या हातून घडावयाच्या असतात. म्हणूनच जखम दिसताच परिचारिकेस दोष देणे अन्यायाचे आहे. घरच्यांना हाताने करून दाखवणे, त्यांच्याकडून करवून घेणे आणि पुढील भेटीत त्वचा पाहून चूक दुरुस्त करणे, हे तिचे खरे काम होय. कोणास धोका अधिक आहे हे ठरवण्यासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रॅडन मापनपद्धती तिच्या उपयोगी पडते. संवेदना, ओल, हिंडणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल, आहार व घर्षण या सहा बाबींस गुण द्यावयाचे. बेरीज जितकी कमी, तितका धोका अधिक.

परंतु नागरी आरोग्य अभियानाच्या मानकाप्रमाणे सुमारे १०,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका असते. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, सर्वेक्षणे व नोंदवह्या हे सारे तिलाच पाहावे लागते. अंथरुणाशी खिळलेल्या रुग्णासाठी तिच्याकडे वेळ उरावा, तर तो कोणीतरी राखून ठेवला पाहिजे.

स्थानिक संस्थांनी काय करावे

केरळ राज्याने २००८ मध्ये परिहार सेवेचे धोरण स्वीकारले. तेथे ग्रामपंचायतींच्या सहभागाने प्रशिक्षित परिचारिका अंथरुणास खिळलेल्या रुग्णांच्या घरी जातात व गावातील स्वयंसेवक त्यांना साथ देतात. आपल्याकडेही आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या सेवांत वृद्धांची व परिहार सेवा अंतर्भूत आहे. पुढील गोष्टी नगरपरिषदांस व ग्रामपंचायतींस करता येण्याजोग्या आहेत.

आशा कार्यकर्तीच्या मदतीने प्रत्येक प्रभागातील अंथरुणास खिळलेल्या रुग्णांची यादी करावी व ती दर महिन्यास तपासावी. परिचारिकेस आठवड्यातील एक सकाळ केवळ गृहभेटींसाठी मोकळी ठेवावी, जाण्यायेण्याचा खर्च द्यावा आणि भेटीस दोघींनी मिळून जाण्याची सोय करावी. अवघड जखम पाहून सल्ला देण्यास एक वैद्यकीय अधिकारी दूरध्वनीवर ठरलेल्या वेळी उपलब्ध असावा. फोमच्या गाद्या, उशा व कमोडच्या खुर्च्या यांचा साठा करून त्या रुग्णांस वापरावयास द्याव्यात व काम संपल्यावर परत घ्याव्यात. स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाच्या ५ टक्के निधीतून पात्र रुग्णांस असे साहित्य पुरवण्याचा विचार करता येईल. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांस चादरीने सरकवण्याची रीत व त्वचा तपासण्याची पद्धत शिकवावी. आजोबांची दुपारची एक कूस शाळेतून आलेला नातू सहज सांभाळू शकतो. शेजाऱ्यांनी आठवड्यातून दोन दुपारी तासभर बसण्याचे मान्य केले, तरी त्या घरातील सुनेस विसावा मिळेल.

परिचारिकेचा विसावाही विसरता कामा नये. महिनोन्महिने ज्या रुग्णाकडे ती जाते, तो एके दिवशी जातो आणि दुसऱ्या सकाळी तिला पुन्हा लसीकरणास उभे राहावे लागते. मासिक सभेत आकड्यांचा आढावा घेताना तिच्या अडचणी ऐकण्यासाठी अर्धा तास राखून ठेवल्यास त्यास वेगळा खर्च येत नाही.

आठवड्याच्या ८४ पाळ्या कोणी एका माणसाने सांभाळणे अशक्य आहे. सून, मुलगा, नातू, शेजारी व आशा कार्यकर्ती यांनी त्या वाटून घ्याव्यात, परिचारिकेने त्यांस शिकवावे आणि स्थानिक संस्थेने परिचारिकेच्या पाठीशी उभे राहावे. पुढील सभेपूर्वी आपल्या प्रभागातील अंथरुणास खिळलेल्या रुग्णांची यादी जरी तयार झाली, तरी या कार्याचा आरंभ झाला असे म्हणता येईल.