गाव सोडणारे आणि गावात येणारे



पारनेर तालुक्याला स्थलांतर नवे नाही. पावसाचा भरवसा नसलेल्या या भागातून पिढ्यान् पिढ्या माणसे पोटासाठी बाहेर पडली. ढवळपुरीकडील धनगर बांधव मेंढरे घेऊन वर्षातील मोठा काळ गावाबाहेर काढतात. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास आणि त्याआधीही कित्येक घरांतील कर्ते पुरुष मुंबईला गिरणीत किंवा माथाडी कामावर गेले. आज मात्र आपण दुसरे चित्रही पाहतो. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत बिहार, उत्तर प्रदेश अशा दूरच्या राज्यांतून तरुण येत आहेत. माणसे पाठविणारा आपला तालुका आता माणसे घेणाराही झाला आहे.

१. असे का घडते?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे १९९० मध्ये आपल्या जन्मदेशाबाहेर राहणारे लोक सुमारे १५ कोटी ४० लाख होते. २०२४ मध्ये ते ३० कोटी ४० लाख झाले. काही जण युद्धामुळे पळतात, पण बहुसंख्य कामासाठी जातात. जर्मनीत मुले कमी जन्मतात, वृद्ध वाढतात, म्हणून तेथे कामाला माणसे हवीत. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये तेथील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला तो याचसाठी. आपल्या देशातही तेच लहान प्रमाणावर चालू आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार एका स्त्रीमागे सरासरी मुले महाराष्ट्रात १.७, तर बिहारमध्ये ३.० होती. त्यात तेथे कारखाने थोडे. म्हणजे ही ये-जा लवकर थांबणारी नाही.

२. भेद म्हणजे विरोध नव्हे

तत्त्वज्ञान भेद आणि विरोध यांत फरक करते. भाषा वेगळी, जेवण वेगळे, हा भेद. तो आपोआप वैर होत नाही. तसाच तो आपोआप ऐक्यही होत नाही. शेजारी राहणे आणि एकत्र राहणे यांत अंतर आहे.

“आमच्या पोरांना काम नाही आणि बाहेरच्यांना मिळते,” ही तक्रार खोटी म्हणून झटकता येणार नाही. पण जरा खोल पाहू या. ज्याला भाषा येत नाही आणि दाद मागता येत नाही, त्याला कमी मजुरीत राबवून घेणे सोपे असते. म्हणून परक्याला पुरी मजुरी मिळावी असे म्हणणारा आपल्या मुलाचेही हितच पाहतो.

पवित्र शास्त्रातील रूथ मवाबी, परदेशी. बेथलेहेमच्या शेतात ती कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचीत होती. तिच्याच वंशात दावीद राजा व पुढे प्रभू येशू जन्मास आले. बवाजाने तिला शेतातून हाकलले असते तर?

३. आपण काय करू शकतो?

पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या स्थलांतरितांच्या दिनी चार कर्तव्ये सांगितली: स्वागत, संरक्षण, विकास आणि समावेश. आपल्या गावात त्यांचा अर्थ साधा आहे. भाड्याची खोली देताना प्रांत पाहू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे शेजारच्या आईला सांगावे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना २०२२ पासून सर्व राज्यांत लागू आहे; गावाकडच्या कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळते, हेही सांगावे. आणि चार शब्द मराठी शिकवावे, त्याचे दोन शब्द आपण शिकावे. मुंबईच्या चाळीत आपल्या वडीलधाऱ्यांना जी वागणूक मिळावी असे आपल्याला वाटत होते, तीच आज आपण देऊ या.

कुटुंबात चिंतनासाठी प्रश्न

१) आपल्या घरातून कोण बाहेरगावी गेले? तेथे त्यांना प्रथम आधार कोणी दिला?
२) आपल्या वस्तीत बाहेरून आलेल्या किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?
३) या आठवड्यात त्यांपैकी एका कुटुंबासाठी आपण काय करणार?