घरची भाषा आणि बालकाचे पहिले शिक्षण

हैदराबाद शहरातील चिक्कडपल्ली या वस्तीत वाढणाऱ्या मराठी बालकाच्या कानी अनेक भाषा पडतात. घरी मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात दखनी वळणाची हिंदी-उर्दू आणि पुढे शाळेत इंग्रजी. मूल गोंधळेल या भीतीने काही पालक घरातील मराठी बंद करतात व स्वतःस नीट न येणाऱ्या भाषेत त्याच्याशी तुटक बोलू लागतात. त्यामुळे घरातील संभाषणच आटते. खरी हानी होते ती येथे.

अनेक भाषा ऐकल्याने मूल मंद होत नाही. 'आई, नीळ्ळु दे,' असे तीन वर्षांचे मूल म्हणाले, तर पाण्यासाठीचा तेलुगू शब्द त्याने मराठी वाक्यात बसविलेला असतो. त्यास रागावू नये. 'पाणी हवे? माठातले गार पाणी देते हं,' असे म्हणावे. चूक न दाखविता मराठी शब्द कानी पडतो आणि वाक्यही वाढते.

हाच प्रश्न महाराष्ट्रात, नांदेड जिल्ह्यातील देगलूर-बिलोली या सीमाभागात उलट रूपाने आढळतो. तेथे काही घरांत तेलुगू, तर अंगणवाडीत मराठी बोलली जाते. नवे मूल काही दिवस गप्प बसले, तर त्यास मठ्ठ ठरविणे अन्यायाचे होय. मात्र ते घरीही बोलत नसेल किंवा हाकेस ओ देत नसेल, तर त्याचे कान विनाविलंब तपासून घ्यावेत.

या बाबतीत ताराबाई मोडक यांचे कार्य मार्गदर्शक आहे. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाड येथे हलविण्यात आले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी मुले शाळेकडे येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. मुलाच्या अंगणात जावयाचे, तर त्याच्या भाषेतही शिरावयास हवे.

यासाठी पुढील गोष्टी करता येतील :

१. सेविकेने भूक, पाणी, शू, दुखणे, आई यांसाठी मुलाच्या घरचे शब्द शिकून घ्यावेत.

२. पालकांनी भाजी निवडताना, धान्य पाखडताना मुलाशी बोलावे. 'हो-नाही'त संपणार नाही असा प्रश्न विचारावा व उत्तरासाठी थांबावे.

३. एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगावी. पुढे काय झाले, ते मुलास सांगू द्यावे.

४. पर्यवेक्षकांनी भेटीच्या वेळी मुले किती बोलतात, याचीही नोंद घ्यावी.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, शक्य तेथे, किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. एका भाषेत मनातले नीट सांगता येऊ लागलेले मूल दुसरी भाषा अधिक विश्वासाने शिकते. म्हणून पालकांनी आपली भाषा घरी निःसंकोच बोलावी आणि शिक्षकांनी तिला वर्गात मानाचे स्थान द्यावे.