अठ्ठावीस नंबरची ट्राम

लिस्बनमध्ये आमचं पाकीट मारलं गेलं ते भर दुपारी, अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये. मार्तिम मोनिजच्या थांब्यावर रांग होती. ट्राम आली, सगळे दाराकडे सरकले. पुढची बाई पायरीवरच अडून सुटे पैसे शोधू लागली आणि मागून दोघे रेटू लागले. आत जाऊन दांडी धरेपर्यंत सौ.च्या खांद्यावरच्या पिशवीची चेन उघडी होती. ती अडलेली बाई आणि ते दोघे ट्राममध्ये चढलेच नव्हते. पासपोर्ट हॉटेलवर होते म्हणून निभावलं. कार्ड तिथेच उभ्या उभ्या ब्लॉक केलं. रेस्तौरादोरेस चौकातल्या पर्यटकांसाठीच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली. पाकीट मिळण्याची आशा नसली तरी ती नोंदवावीच, कारण विमा कंपनी तो कागद मागते.

ट्राममध्ये बसूच नका, असं मी म्हणणार नाही. ट्राम खरंच देखणी आहे. पण भल्या सकाळी जा आणि कांपु दि ओरिक या दुसऱ्या टोकाहून बसा. किंवा सरळ चालत जा. ट्राम ज्यातून जाते तो अल्फामा पायीच पाहण्याचा भाग आहे. १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात, पाठोपाठच्या लाटांत आणि आगीत शहराचा बराच भाग गेला, अल्फामा बराचसा वाचला. खालचा बायशा भाग मार्केश दि पोंबालने आखून नव्याने बांधला, म्हणून तिथले रस्ते सरळ आहेत आणि अल्फामातले बोळ नाहीत. कार्मोच्या मठाचं छप्पर तेव्हाच कोसळलं. ते पुन्हा घातलं नाही, आजही कमानींतून आकाश दिसतं. भूकंप काय होता ते मला पुस्तकापेक्षा तिथे कळलं.

चालायचं तर बूट नीट हवेत. पदपथांवर चुनखडीचे छोटे दगड बसवलेले असतात, पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेले. पावसात उतारावर ते शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे होतात. पन्नाशीपुढच्यांनी फॅशनची पादत्राणं घरी ठेवावीत.

हॉटेलात बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, हात लावला नाही तर नाही. नको असेल तर हसून परत पाठवा, कुणी रागावत नाही. बायशात कानाशी येऊन गांजा-चरस विचारणारे भेटतील. बहुतेकदा ते विकतात तो तमालपत्राचा चुरा. तो आपल्या मसाल्याच्या डब्यात आहेच.

बेलेंचा जेरोनिमोस मठ मात्र चुकवू नका. वास्को द गामा १५२४मध्ये कोचीला वारला, त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या. आज त्याची कबर या मठाच्या चर्चमध्ये आहे. गोवा ज्यांच्या ताब्यात १९६१पर्यंत होता, त्यांचा हा अभिमानाचा कोपरा. आपण तिथे नुसते पर्यटक म्हणून उभे राहू शकत नाही, निदान मला तरी ते जमलं नाही.

तिथेही गर्दी असते, पिशवी पोटाशी धरा. आणि मठ सोमवारी बंद असतो, तेव्हा वार पाहूनच बेलें ठरवा.