अनेक संगणक, एक नोंदवही : यादृच्छिक चाचणीचे महत्त्व

एकाच खात्याची नोंद अनेक संगणकांवर ठेवली, म्हणजे एखादे यंत्र बंद पडले तरी काम अडत नाही. मात्र संदेश उशिरा पोहोचला किंवा यंत्रांमधील संपर्क तुटला, तर एकाच खात्याच्या दोन निरनिराळ्या शिलका दिसू शकतात. असे दोष घटनांच्या विशिष्ट क्रमातच प्रकट होतात. हे असंख्य क्रम परीक्षकाने आधीच कल्पून लिहून काढणे अशक्यप्राय असते.

स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठातील कून क्लासेन व जॉन ह्यूज यांनी २००० साली ‘क्विकचेक’ या साधनाद्वारे निराळा मार्ग दाखविला. त्यात परीक्षक उदाहरणे देत नाही, केवळ नियम सांगतो. चिठ्ठ्या उचलाव्यात त्याप्रमाणे उदाहरणे निवडून संगणकच तो नियम तपासतो.

हे तत्त्व अनेक यंत्रांच्या प्रणालींनाही लागू पडते. समजा, ‘पोच दिलेली जमा रक्कम नाहीशी होता कामा नये’ हा नियम आहे. काइल किंग्सबरी यांनी २०१३ साली सुरू केलेल्या ‘जेप्सन’ चाचण्यांत यादृच्छिक मागण्या पाठवीत असतानाच यंत्रांमधील संपर्क मुद्दाम तोडला जातो. प्रत्येक मागणी व उत्तर नोंदवून ते नियमाशी ताडले जाते. पोच दिलेल्या नोंदी हरवल्याचे काही नामांकित प्रणालींतही या रीतीने उघडकीस आले.

अर्थात, दोष न आढळणे म्हणजे निर्दोषत्वाची हमी नव्हे. नियमच अपुरा असेल तर चाचणीही अपुरी ठरते. म्हणून नवी प्रणाली स्वीकारताना कोणते नियम तपासले आणि संपर्क तोडून तपासले काय, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.