नारकोंडम : एका बेटाचा पक्षी

अंदमानच्या उत्तर भागापासून पूर्वेस सुमारे १३० किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात नारकोंडम हे बेट उभे आहे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम ७ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या सर्वसाधारण खेड्याच्या शिवाराएवढे. मात्र त्याचे शिखर ७१० मीटर उंच आहे. हे बेट म्हणजे समुद्रतळापासून उसळून आलेल्या ज्वालामुखीचा माथा होय. ‘नरककुंड’ या शब्दावरून त्याचे नाव पडले असावे, असा तर्क केला जातो. गंमत अशी की, येथील ज्वालामुखी केव्हाच थंडावला असून खरे नरककुंड दक्षिणेकडील बॅरन बेटावर आहे. भारतातील तो एकमेव जागृत ज्वालामुखी दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ मध्ये पुन्हा भडकला. नारकोंडमवर मात्र पायथ्यापासून माथ्यापर्यंत घनदाट अरण्य आहे. पोलीस चौकीवरील मोजके कर्मचारी वगळता तेथे मनुष्यवस्ती नाही.

या अरण्याचा मानकरी म्हणजे नारकोंडम धनेश. कोकणात ज्याला ककणेर म्हणतात, त्याच्याच कुळातला हा पक्षी आकाराने लहान असतो. नराची मान तांबूस, मादीची काळी. राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढे पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. या बेटाबाहेर जगात कोठेही तो आढळत नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९८४ साली त्याच्या जीवनक्रमाचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध झाला.

विणीच्या काळात मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत शिरते आणि एक अरुंद फट ठेवून तोंड लिंपून घेते. पिलांचे व तिचे पोषण त्या फटीतून नर करतो. नर दगावला तर आतल्या साऱ्यांवरच उपासमारीची पाळी येते. ढोली मिळते ती केवळ थोराड वृक्षात, आणि अन्न मुख्यतः वड-उंबराच्या कुळातील फळांचे. या फळांच्या बिया पक्षीच रानभर पसरवितो. पक्षी अरण्यावर आणि अरण्य पक्ष्यावर असे अवलंबून आहे.

या साखळीला धक्का लागला तो साध्या शेळीमुळे. चौकीच्या सोयीसाठी १९७६ साली बेटावर शेळ्या आणण्यात आल्या. आणि १९७७ मध्ये बेट अभयारण्य घोषित झाले! शिकारी प्राणी नसल्याने शेळ्या झपाट्याने वाढून रानोमाळ झाल्या. मोठी झाडे त्यांनी पाडली नाहीत, म्हणून हानी पटकन दिसली नाही. त्यांनी खाल्ली ती रोपे, म्हणजे पन्नास वर्षांनंतरच्या ढोली. चराईच्या कुरणात रोपवन राखण्याचा प्रयत्न केलेल्या कोणाही पंचायत सदस्यास हे वेगळे सांगावयास नको. पुढे शेळ्या पकडून बेटाबाहेर नेण्यात आल्या.

पूर्वीच्या पाहण्यांत या पक्ष्यांची संख्या तीनशे ते चारशेच्या घरात सांगितली जाई. २०२० च्या सुमारास झालेल्या अभ्यासात ती एक हजाराच्या आसपास आढळली. मोजणीच्या पद्धती भिन्न असल्याने ही सारीच वाढ मानणे घाईचे ठरेल. तरीही आकडा दिलासा देणारा आहे. बेटाचा अभ्यासही अद्याप पुरा झालेला नाही. केवळ येथेच आढळलेल्या एका चिचुंद्रीची नवी जाती म्हणून नोंद झाली ती २०२१ मध्ये.

नारकोंडमचे स्थान सीमेवरचे आहे. ब्रह्मदेशाशी सागरी सीमेचा करार १९८६ मध्ये झाला. तटरक्षक दलास येथे टेहळणीसाठी रडार हवे होते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये त्यास नकार दिला व २०१४ मध्ये अनुमती दिली. दोन्ही बाजूंचे म्हणणे वजनदार होते. सीमेवर पाळत हवी, हे कोणी नाकारत नाही. परंतु यंत्रासोबत रस्ता येतो, इंधन येते, माणसे येतात. आणि शिधासामग्रीच्या पोत्यांतून उंदीरही येऊ शकतो. तो झाडावर चढतो, आणि ढोलीत कोंडून घेतलेल्या मादीस बाहेर पडण्यास वाट नसते.